आधी गाळ काढायचा की आधी भिंत बांधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मासेमारी बोटींचा साठेक वर्षांचा जुना धक्का. समोरची लोखंडी शीट पाइलची (एकमेकांत अडकवून तळात ठोकलेल्या पत्र्यांची) भिंत गंजलेली, एका टोकाला अजूनही लाकडी खांबांची जेटी, बर्फाचा कारखाना आणि डिझेलची टाकी धक्क्यावरच. बोटी मोठ्या झाल्या, म्हणून समोर खोली कमी पडते. नूतनीकरणाची तयारी सुरू असताना तळाचा गाळ तपासला, तर त्यात तांबं, शिसं आणि तेल निघालं. एक सल्लागार म्हणतो आधी सफाई करा, दुसरा म्हणतो आधी भिंत बांधा. बोटमालकांचं म्हणणं एवढंच की काहीही करा, पण धक्का बंद ठेवू नका.

बंदरांच्या दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे हा वाद माझ्या ओळखीचा आहे. प्रश्न ‘आधी काय’ असा विचारला जातो, कारण सफाईची फाइल एका टेबलावर असते आणि बांधकामाची दुसऱ्या. जागेवर मात्र तो गाळ आणि ती भिंत एकमेकांना टेकून उभे आहेत. हे मी उपमा म्हणून म्हणत नाही.

भिंतीच्या मागे भराव आहे. तो भिंतीला पाण्याकडे रेटतो. भिंत वरच्या बाजूला टाय रॉडने, म्हणजे भरावात मागे अडकवलेल्या लोखंडी सळईने, बांधलेली असते आणि खाली तळात रुतलेली असते. खालच्या बाजूला तिला पुढे सरकू न देणारी गोष्ट म्हणजे समोरचा तळ, आणि वर्षानुवर्षं साचलेला गाळही त्यात आपला वाटा उचलत असतो. मूळ आराखड्यात त्या गाळाचा हिशेब धरलेला नसतो, पण तेव्हा भिंतीची जाडीही पूर्ण होती आणि वरून ट्रक जात नव्हते. तुम्ही दीड मीटर गाळ ‘सफाई’ म्हणून उपसला, की त्या गंजलेल्या भिंतीचा टेकू काढून घेतला.

हे एकदा डोळ्यांसमोर झालेलं आहे. सफाईच्या कंत्राटदाराला भिंतीपासून किती अंतर सोडायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी धक्क्याच्या काठापासून चारेक मीटर आत, काठाला समांतर, एक बारीक भेग दिसली. दुपारी तिच्यात नाणं उभं राहत होतं, दुसऱ्या दिवशी बोट जात होतं. काम थांबवलं, ट्रक बंद केले, आणि भिंतीच्या पायाशी दगड ओतले. म्हणजे कालच साफ केलेल्या जागेवर शेकडो टन दगड. पुढे तेच दगड पुन्हा बाहेर काढावे लागले.

मग आधी भिंत बांधली की झालं? त्यातही मेख आहे. दूषित थर किती खोल आहे हे न पाहता नवे खांब ठोकले, तर वरची घाण खालच्या स्वच्छ थरात, कधी कधी भूजलापर्यंत जायला वाट मिळते. भिंतीमागे खणलं आणि तेलाने काळी झालेली माती निघाली की टाय रॉडचं काम अडकतं, कारण ती माती साध्या भरावासारखी कुठेही टाकता येत नाही. आणि भिंत आजच्या खोलीला धरून आखली असेल, तर पुढे सफाईसाठी आणखी मीटरभर खाली जायचं ठरल्यावर नवी कोरी भिंतही तोकडी पडते.

माझा कल बहुतेक वेळा असा असतो: जुन्या भिंतीच्या अगदी पुढे नवी भिंत, जुनी आतच ठेवायची, आणि नवीची लांबी शेवटच्या खोलीवरून ठरवायची. त्या खोलीत बोटींना लागणारी खोली, सफाईसाठी जावं लागणारी खोली आणि ड्रेजर चुकून जास्त घेईल ती, असं तिन्ही धरायचं. भिंत उभी राहिली आणि मागे बांधली गेली, की मगच समोरचा गाळ उपसायचा. पण हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. दूषण किती खोल गेलंय, ते भिंतीच्या मागेही आहे का, आणि ज्यामुळे ते झालं ते थांबलंय का. यांपैकी एकाचंही उत्तर तुमच्या प्रश्नात नाही, म्हणून ठाम क्रम मी सांगणार नाही.

तुमच्या अहवालात ‘गाळाचे सहा नमुने’ एवढंच लिहिलंय. ते बहुधा पंजाने वरवर उचललेले असावेत. वरचा नमुना कालपरवाची गोष्ट सांगतो. जुन्या धक्क्याचा खरा हिशेब खाली असतो. नळी तळात उभी घालून अखंड गाभा काढा. पहिल्यांदा उभी चिरलेली नळी पाहणारा माणूस गप्प होतो. वर वीतभर तपकिरी, मऊ गाळ. त्याखाली एकदम काळा, चकाकणारा, अंडं कुजल्यासारख्या वासाचा थर. त्यात नख घातलं तर रंगाचे कपचे लागतात, लाल, हिरवे, एकावर एक चढलेले, कारण बोट दरवर्षी खरवडली आणि दरवर्षी रंगवली. त्या कपच्यांत तांबं असतं, जुन्या थरात शिसं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी ट्रायब्युटिल टिन.

या शेवटच्यावर जरा थांबतो, कारण साध्या तपासणीच्या यादीत ते नसतं. बोटीच्या बुडाला शेवाळ आणि कालवं चिकटू नयेत म्हणून ते रंगात घालत. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत त्यापायी कालवांची शिंपलं वेडीवाकडी जाड व्हायला लागली, पैदास बसली, आणि 1982 मध्ये तिथे लहान बोटींवर त्याला बंदी आली. सगळ्या जगासाठीचा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. पाण्यात ते लवकर विघटित होतं, पण हवा न पोचणाऱ्या गाळात वर्षानुवर्षं तसंच राहतं. साठ वर्षांच्या धक्क्याखाली ते नसेल तर मला आश्चर्य वाटेल. म्हणून प्रयोगशाळेला धातू, तेल, डांबरी संयुगं, पीसीबी (विजेच्या जुन्या उपकरणांत वापरलेली विषारी क्लोरिनयुक्त रसायनं) आणि ट्रायब्युटिल टिन असं नाव घेऊन सांगा, आणि गाभ्याचा प्रत्येक अर्धा मीटर वेगळा तपासून घ्या. नमुने सारख्या अंतराच्या चौकटीत घेऊन थांबू नका. बोटी ओढायचा उतार, डिझेलची नळी, गटाराचं तोंड आणि जुनी वर्कशॉप, या चार ठिकाणी दाट घ्या.

अशी ठिकाणं नकाशावर सापडतीलच असं नाही. एका कामात आमच्याकडे सगळे जुने नकाशे होते आणि त्यात वर्कशॉपच्या मागे मोकळी जागा दाखवली होती. चहा पिताना एक निवृत्त इंजिन फिटर सहज बोलून गेला, “तिथे आमचा खड्डा होता की. इंजिनचं जुनं तेल आम्ही तिथेच ओतायचो, दगड भरलेले होते, लगेच झिरपायचं.” दुसऱ्या दिवशी तिथे खणलं. कमरेएवढ्या खोलीवर माती काळी व्हायला लागली आणि तिथून भिंतीच्या सांध्यापर्यंत तेलाचा पट्टा गेलेला होता. उधाणाच्या ओहोटीला भिंतीतून जी इंद्रधनुषी साय पाण्यावर येते आणि जिचं खापर सगळे बोटींवर फोडत होते, ती या खड्ड्यातून येत होती. तेव्हापासून बोअरिंग ठरवण्याआधी मी जुन्या माणसांसोबत एक फेरी मारतो. त्या फेरीला खर्च नाही.

आणि म्हणूनच, गाळाला हात लावण्याआधी दूषणाचा झरा बंद. जपानमध्ये मिनामाता खाडीत पारा सोडणं 1968 मध्ये थांबलं. गाळ उपसणं आणि भराव घालून बंदिस्त करणं 1977 ते 1990 चाललं, आणि त्यातून सुमारे 58 हेक्टर जमीन तयार झाली. तुमचं काम त्याच्या नखाएवढंही नाही, पण क्रम तोच. उतारावर बोट खरवडली की कपचे आणि धुण्याचं पाणी आजही थेट समुद्रात जात असेल, तर उपसलेला तळ पाच-सहा वर्षांत पुन्हा तसाच होईल. उतारावर पाणी अडवणारी नाली आणि गाळणीची टाकी, बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणारं, तेलकट पाणी घ्यायला धक्क्यावर टाकी, पावसाच्या पाण्याच्या गटारावर तेल वेगळं करणारा कप्पा, डिझेलची टाकी जमिनीखाली असेल तर ती काढून वर दुहेरी भिंतीची. ही कामं लहान आहेत, भिंतीच्या निविदेची वाट पाहायची गरज नाही. मी तर म्हणेन यांनीच सुरुवात करा, कारण यात धक्का एक दिवसही बंद राहत नाही आणि बोटमालकांना काहीतरी होताना दिसतं.

लाकडी जेटीबद्दल तुम्ही विचारलंय की खांब उपटायचे की कापायचे. जुने खांब क्रिओसोट पाजलेले असतात, म्हणजे कोळशाच्या डांबराचं तेल, आणि ते स्वतःच दूषणाचा एक उगम असतात. शक्यतो उपटा. पण हिसका देऊन नाही. कंप देणाऱ्या यंत्राने आधी गाळाची पकड सुटू द्यायची, मग सावकाश वर घ्यायचं, खांबाला चिकटलेला गाळ पाण्यात झटकायचा नाही, धुवायचा तर मुळीच नाही, सरळ कडा असलेल्या तराफ्यावर आडवा ठेवायचा. मागे राहिलेल्या भोकात स्वच्छ वाळू. मोडला, तर तळाशी कापून वर वाळू टाकायची, त्याच्या मुळासाठी खड्डा खणत बसायचं नाही, नाहीतर एका खांबापायी टनभर घाण ढवळली जाते. हे लाकूड जाळायला कुणाला देऊ नका. मागणारे येतात.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पाणी स्वच्छ झालं की लाकूड पोखरणारे जीव परत येतात. न्यूयॉर्कच्या बंदरात घाण इतकी होती की जहाजकिडा टिकत नसे. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धच्या 1972 च्या कायद्यानंतर पाणी सुधारलं आणि किड्याने जुने खांब खायला घेतले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत तर 1919 ते 1921 या काळात याच किड्याने धक्केच्या धक्के पाडले होते. तेव्हा सफाई करणार असाल आणि जेटीचा काही भाग ‘अजून चांगला आहे’ म्हणून लाकडीच ठेवणार असाल, तर पुन्हा विचार करा.

आता उपसा. साध्या उघड्या बादलीने दूषित गाळ काढला तर बरीच घाण वर येताना पाण्यात सांडते. झाकण बंद होणारी बादली मागा, आणि ती पूर्ण भरायची नाही ही अट घाला. सभोवती गाळ अडवणारा पडदा लावतात, त्यावर सगळ्यांचा फार विश्वास असतो. संथ पाण्यात तो काम करतो. प्रवाह सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर गेला की पडदा आडवा होतो आणि फक्त फोटोपुरता उरतो. म्हणून सर्वांत दूषित भागाचा उपसा मी भांगाच्या दिवसांत ठेवतो, जेव्हा भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, आणि पाण्याचा गढूळपणा पडद्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना सतत मोजतो. किती वाढला की काम थांबवायचं, तो आकडा कंत्राटात आधीच लिहिलेला हवा. कितीही जपून काढलं तरी ढवळलेल्या गाळाचा पातळ थर शेवटी खाली बसतोच. त्यावर वीतभर स्वच्छ वाळू पसरायची तरतूद ठेवा.

गाळ काढणं सोपं, ठेवणं कठीण. माझ्या अनुभवात अशा कामांचं अंदाजपत्रक कोसळतं ते इथे. ओला गाळ म्हणजे बहुतांशी पाणीच. तो जाळीदार कापडाच्या मोठ्या पिशव्यांत भरून निथळवावा लागतो किंवा सिमेंट मिसळून घट्ट करावा लागतो, आणि निथळलेलं पाणीही तपासून, साफ करूनच सोडायचं. समुद्रात टाकणं हा विषय 1972 च्या लंडन कराराने आणि 1996 च्या त्याच्या नियमावलीने बांधलेला आहे. उपसलेला गाळ टाकायच्या परवानगीच्या यादीत आहे, पण तपासून आणि परवाना घेऊन, आणि तुमच्या काळ्या थराला तो मिळेल अशी आशा धरू नका. म्हणून थर वेगळे तपासा म्हणतो. वरचा आणि अगदी खालचा स्वच्छ निघाला, तर महागडी विल्हेवाट फक्त मधल्याची.

अमेरिकेतलं न्यू बेडफर्ड या बाबतीत पाहण्यासारखं आहे. मोठं मासेमारी बंदर, आणि विजेचे कपॅसिटर बनवणाऱ्या कारखान्यांमुळे 1940 च्या दशकापासून तळात पीसीबी साचलेलं. तिथे बंदराच्या तळातच खोल खड्डे खणले, त्यांतली स्वच्छ माती काढून घेतली, दूषित गाळ आत भरला आणि वरून झाकला. बोटींसाठी खोली वाढवण्याचा उपसाही याच सफाईला जोडून घेतला. म्हणजे बोटींना खोली आणि पाण्याला सफाई, दोन्ही एकाच कामातून.

कुणी तुम्हाला सुचवेल की उपसू नका, आहे तिथेच वाळूने झाकून टाका. मोकळ्या खाडीत हा उत्तम उपाय आहे, धक्क्यासमोर नाही. बोट धक्क्याला लागताना पंखा उलटा फिरतो, आणि त्या झोताने तळाची वाळू उडून खड्डे पडतात. झाकण टिकवायचं तर वर दगडांचा थर हवा, दोन्ही मिळून मीटरभर जाडी होते, आणि तुमच्याकडे खोली आधीच कमी आहे. भिंतीला लागून जो पट्टा उपसताच येत नाही, तिथे मात्र वाळू आणि दगड हेच करतो. पायालाही आधार मिळतो.

काम चालू असताना धक्का चालू ठेवणं जमतं, पण फुकट नाही. धक्क्याचे निदान तीन तुकडे करा. मासा उतरवणं, बर्फ आणि डिझेल, या तीन गोष्टी कुठल्याही टप्प्यात एकदम बंद पडता कामा नयेत. तरंगता पाँटून भाड्याने आणला तर एक तुकडा सहज भरून निघतो. मासेमारी बंदीच्या काळात सगळं उरकू असं वेळापत्रक कागदावर फार छान दिसतं. अडचण अशी की बंदी बहुतेकदा माशांच्या अंडी घालण्याच्या काळात असते, आणि नेमका तोच काळ गाळ ढवळायला वर्ज्य. बंदीत जमिनीवरची कामं करा, उपसा त्यानंतर.

खुद्द नूतनीकरणाबद्दल फार लिहीत नाही, ते तुमचे अभियंते बघतील. फक्त दोन गोष्टी. काठाची उंची ठरवताना आजची उधाणाची भरती धरून थांबू नका, समुद्र चढतो आहे. आणि मासे धुवायचं पाणी बंदरातून पंपाने घेत असाल तर आजच बंद करा, उपसा सुरू झाल्यावर तर ते घेण्याचा प्रश्नच नाही. यामागे आणखी एक कारण आहे. ‘धक्क्याखाली विष सापडलं’ ही बातमी फुटली की तुमच्या माशाला गिऱ्हाईक राहणार नाही. बोटी मासा आणतात बाहेरच्या समुद्रातून, धक्क्याखालच्या गाळातून नाही. पण हे पटवायचं असेल तर धुण्याचं पाणी कुठून येतं ते दाखवता आलं पाहिजे, आणि धक्क्यावर गळ टाकून बसणाऱ्यांना थांबवलं पाहिजे, कारण तो मासा मात्र तिथलाच.

कंत्राटात गाळाचं एकच ठोक प्रमाण लिहू नका. स्वच्छ, मध्यम, दूषित असे तीन दर घनमीटरवर घ्या, आणि कमी-जास्त झालं तर काय तेही. अनोळखी माती निघाली तर काम किती दिवस थांबेल आणि त्याचे पैसे कोण देणार, हे वाद होण्याआधी ठरलेलं बरं. कामापूर्वीची गाळाची आणि पाण्याची स्थिती मोजून, तारखेसह, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी नोंदवा. नंतर शेजारच्या कालवांच्या शेतीत काही झालं, तर बोलायला तोच कागद असतो.

हे सगळं सुरू व्हायला महिने लागतील. तोवर एक गोष्ट स्वतः करता येईल. पुढच्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, पाणी सर्वांत खाली जाईल तेव्हा, होडीतून भिंतीच्या कडेने जा. सोबत टॉर्च, खरवडणी आणि हातोडी. पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीवर नारिंगी फुगीर चट्टे दिसतात का पाहा. दिसले तर खरवडा. खाली काळा चिकट थर आणि त्याखाली चकचकीत, खड्डे पडलेलं लोखंड निघालं, तर तो साधा गंज नाही, जिवाणूंमुळे होणारी झीज आहे. ती वर्षाला अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून वेगाने लोखंड खाते. हातोडी मारल्यावर पत्रा दबला किंवा भोक पडून मागची माती वाहताना दिसली, तर त्या टप्प्यावरचे ट्रक त्याच दिवशी काठापासून मागे घ्या, आणि तिथे भिंतीसमोरच्या गाळाला सध्या कुणालाही हात लावू देऊ नका.